फायबर येणार आहे : अंबरनाथ-बदलापूरकरांसाठी प्रतीक्षेची नियमावली

प्रस्तुत नियमावली विठ्ठलवाडीच्या पुढे आणि वांगणीच्या अलीकडे राहणाऱ्या गृहस्थाश्रमी मंडळींसाठी आहे. ठाण्यापर्यंतच्या लोकांनी ती वाचू नये. त्यांच्या टेलिफोनला ०२२ लागले तेव्हाच त्यांचा उद्धार झाला. ०२५१ वाल्यांनी मात्र ती पाठ करावी आणि राऊटर जिथे ठेवायचा म्हणून शोकेसमध्ये जागा राखून ठेवली आहे, तिथे ठेवावी.

नियम १. आपण कशाची वाट पाहत आहोत, हे आधी ठरवावे.
'ब्रॉडबँड नाही' अशी तक्रार कधीही करू नये, कारण ती खोटी ठरते. २००४ च्या सरकारी धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट वेग असला की त्याला ब्रॉडबँड म्हणत. २०१३ मध्ये ती पायरी ५१२ वर गेली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिटवर. म्हणजे खिडकीच्या गजाबाहेर मोबाइल धरून आपण जे काही मिळवतो, ते कागदोपत्री ब्रॉडबँडच आहे.

तेव्हा आपण वाट पाहतो आहोत ती काचेची, म्हणजे फायबरच्या धाग्याची. इथेही फसगत होते. काच कधी घरात येते, तर कधी गच्चीवरच्या पेटीपर्यंतच येते आणि तिथून घरात तांब्याची लॅन वायर सोडली जाते. जाहिरातीत दोन्हींचे नाव फायबरच. ओळखायची खूण सोपी आहे. घरात येणारी तार शेवईइतकी बारीक असेल, तिच्या टोकाला हिरवे चौकोनी कनेक्टर असेल आणि डब्यावर 'पॉन' नावाचा दिवा असेल, तर काच घरात आली. टोकाला पारदर्शक प्लास्टिकची क्लिप असेल, तर काच गच्चीवरच राहिली आणि आपल्याला तांबे मिळाले. तांबे वाईट नाही, पण बिल काचेचे लावू देऊ नये.

नियम २. कस्टमर केअरला फोन करताना दोनच प्रश्न विचारावेत.
'आमच्याकडे कधी येणार?' हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर 'लवकरच' असे असते आणि लवकरच ही कालगणना पंचांगात नाही. विचारावे ते असे : आमच्या इमारतीत किंवा जवळच्या खांबावर स्प्लिटर आहे का? आणि त्यात पोर्ट रिकामा आहे का?

एक्स्चेंजकडून येणारा काचेचा एकच धागा स्प्लिटरमध्ये फुटून ३२ किंवा ६४ घरांना जातो. त्या धाग्यावरचा साधारण अडीच गिगाबिटचा वेग ही सगळी घरे वाटून घेतात. पेटी भरली की 'एरिया फीजिबल आहे, पण पोर्ट नाही' असे उत्तर मिळते. म्हणून शेजारी घर विकून पुण्याला निघाल्याचे कळले की आधी दुःख व्यक्त करावे, आणि लगेच त्यांच्या कनेक्शनची चौकशी करावी.

नियम ३. रूळ ओलांडू नयेत.
अंबरनाथ आणि बदलापूर ही प्रत्येकी दोन गावे आहेत, पूर्व आणि पश्चिम. रिक्षावाल्याला हे माहीत आहे, फायबरवाल्यालाही. रुळाखालून काच न्यायची तर रेल्वेची परवानगी लागते. त्यामुळे कात्रपला आले म्हणजे बेलवलीला येईल, असा हिशेब करू नये. आपला साडू पलीकडच्या बाजूला राहत असेल आणि त्याच्याकडे आले असेल, तर काही काळ त्याच्याकडे जाणे टाळावे. तो स्पीड टेस्ट करून दाखवतो.

उल्हासनगरचे शास्त्र वेगळे. १९४९ साली फाळणीग्रस्त सिंधी बांधवांसाठी लष्करी छावणीच्या जागेवर वसलेले हे शहर. कॅम्प एक ते पाच, गल्लीला गल्ली लागलेली, आणि वर या गॅलरीतून त्या गॅलरीत गेलेल्या वायरींचे छत. तिथे फायबरची वाट पाहावी लागत नाही, डोक्यावरच्या जाळ्यातून आपले कोणते ते शोधावे लागते.

नियम ४. प्रकाशाशी स्पर्धा करू नये.
सीएसएमटी ते बदलापूर रेल्वेने ६८ किलोमीटर. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हे अंतर तो एका मिलिसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात कापतो. आपल्याला दीड तास लागतो, तोही दारात लटकून. घरून काम करू द्या म्हणून ऑफिसात विनवणी करताना हा आकडा सांगावा. साहेब ठाण्याचे असतील, तर सांगू नये.

नियम ५. जेसीबी दिसताच हात जोडावेत.
गटारासाठी एकदा, पाण्याच्या पाइपासाठी एकदा, गॅससाठी एकदा आणि काँक्रीटसाठी पुन्हा एकदा रस्ता खणला जातो. आलेली काचही त्यात तुटते. खणण्याआधी तिथे कोणाची केबल आहे हे कळावे, म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲप आणले. कल्पना उत्तम आहे. पण आपल्या गल्लीतला जेसीबी खणायला लागतो सकाळी साडेसहाला, आणि त्या वेळी ॲप कोण उघडणार?

मात्र तुटलेली काच जोडताना पाहायला जरूर उभे राहावे. भर पावसात गटाराच्या कडेला प्लास्टिकच्या स्टुलावर एक पोरगा बसतो. एका हाताने छत्री सावरत तो काचेची दोन टोके सोलतो, पुसतो आणि मशीनमध्ये समोरासमोर ठेवतो. काचेची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग, आणि प्रकाश वाहतो तो तिच्या आतला गाभा फक्त नऊ मायक्रॉनचा. ठिणगी उडते, टोके वितळून एक होतात, आणि तो जोड झाकून पुढच्या धाग्याकडे वळतो. चिखलात बसून असले काम करणाऱ्याला 'किती वेळ लागेल?' असे विचारण्याचा अधिकार कोणालाही नाही. चहा द्यावा.

नियम ६. कनेक्शन चालू झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.
यावर भाष्याची गरज नाही.

नियम ७. सेक्रेटरीकाकांना प्रसन्न करून घ्यावे.
हा या शास्त्राचा गाभा आहे. बाकीचे नियम न पाळताही फायबर येऊ शकते, हा न पाळता कधीच नाही.

काच आमच्या गेटबाहेरच्या खांबापर्यंत आलेली आहे. तिचे जादा वेटोळेही तिथे लटकते आहे. तिथून जिन्यापर्यंत अंतर फार तर तीस मीटर. ते ओलांडता येत नाही, कारण मधे काका आहेत. काकांचे म्हणणे : भिंतीला भोक पडणार, पावसाळ्यात तिथून गळणार, आणि गळतीचा खर्च कंपनी देणार का? शिवाय सोसायटीची भिंत वापरता, तर वार्षिक भाडे द्या. कंपनीचा माणूस नम्रपणे नमस्कार करून शेजारच्या इमारतीत गेला. त्या इमारतीत आता लहान मुलेसुद्धा 'बफरिंग' हा शब्द विसरली आहेत.

विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत जातो, पण 'ऐनवेळी येणारे विषय' या सदराखाली. तोवर पार्किंग, पाण्याची टाकी आणि दुसऱ्या मजल्यावरच्या कुंड्या यांत रात्रीचे साडेदहा वाजतात, आणि बटाटेवड्यांचा वास येऊ लागला की सभा आभार मानून संपते. हे काही वर्षे चालू आहे. काकांचा राग येतो. खूप येतो. मोबाइलवर क्रिकेट अडकले की ते स्वतःही टॉवरला शिव्या घालतात, आणि तरी सही करत नाहीत!

पण न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की सबंध इमारतीत पहिला टेलिफोन याच काकांकडे आला. त्या काळी साध्या यादीत नाव लावून वर्षे जात. घाई असेल त्याने ओवायटीत, म्हणजे 'ओन युवर टेलिफोन' योजनेत, जास्त पैसे भरावेत आणि मग वाट पाहावी. काकांनी पैसे भरले आणि वाटही पाहिली. मग इमारतीतल्या प्रत्येकाच्या लग्नपत्रिकेवर आणि नोकरीच्या अर्जावर त्यांचा नंबर छापला गेला, पुढे कंसात पी.पी., म्हणजे शेजाऱ्याचा फोन. रात्री-अपरात्री ते तीन मजले उतरून येत आणि दार वाजवून सांगत, 'चला, गावाहून फोन आहे, धरून ठेवलाय.' पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. आमच्या घरातल्या दोन मृत्यूंच्या आणि एका नोकरीच्या बातम्या त्यांच्याच पायांनी खाली आल्या. भिंत सांभाळण्याचा हक्क या माणसाला नाही, असे आम्हांला म्हणवत नाही.

तेव्हा काकांशी वाद घालू नये. त्यांच्या शंका बरोबर आहेत, फक्त त्यांची उत्तरे कोणी लेखी दिलेली नाहीत. कंपनीकडून पत्र घ्यावे : केबल बाहेरच्या भिंतीवरून न जाता डक्टमधल्या पाइपातून जाईल, भोक बाहेरच्या बाजूला उतरते पाडतील, म्हणजे पाणी आत येणार नाही, भोक सीलंटने बुजवतील, गळती झाली तर दुरुस्ती कंपनीची. आणि एकाच कंपनीला कायमचा हक्क देऊ नये. दोघांना येऊ द्यावे. दुसरा आला की पहिल्याचा फोन लागतो. इमारती डिजिटल जोडणीसाठी किती सज्ज आहेत, यावर श्रेणी देण्याचे नियम दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०२४ मध्ये केलेत. आमच्या इमारतीची श्रेणी विचारू नये.

नियम ८. तोवर गुजराण करावी.
गच्चीवर डबा बसवून ५जीच्या लहरींवर घरात वायफाय देणाऱ्या सेवा २०२३ पासून मिळतात. नावात फायबर असते, पण घरात काच येत नाही. उपवासाला साबुदाणा चालतो, तसे हेही चालते.

नियम ९. आल्यावर भान सोडू नये.
तंत्रज्ञ निघण्याआधी पॉवर मीटर लावायला सांगावे. उणे १५ ते उणे २५ डीबीएम आकडा दिसला तर ठीक. उणे २७ च्या पलीकडे गेला, तर जोड पुन्हा करायला लावावा. उरलेली वायर घट्ट गुंडाळून खिळ्याला टांगू नये, काच वाकली की प्रकाश गळतो. राऊटर स्टीलच्या कपाटात ठेवू नये. आणि त्याला छोटा यूपीएस घ्यावा. जुन्या तांब्याच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळे, घरची गेली तरी तो वाजायचा. काचेतून वीज येत नाही, आणि आपल्याकडे वीज जाते किती, हे सांगायला नको.

शेवटी एकच विनंती. आपल्याही गेटबाहेर असे वेटोळे लटकत असेल, तर कंपनीला शिव्या देणे आजपासून थांबवा. पुढच्या सभेच्या नोटिशीत हा विषय 'ऐनवेळी'त न ढकलता पहिला लिहून घ्या, कंपनीचे पत्र जोडा, सर्वांच्या सह्या घ्या. पहिली सही मात्र काकांची घ्या, आणि ती घ्यायला त्यांना खाली बोलावू नका. या वेळी तीन मजले आपण चढा.