वाडगाभर अर्थशास्त्र

टोकियोतल्या नोकरदाराला महागाई समजायला अर्थमंत्री लागत नाही, ग्यूदोन पुरतो. गरम भात, वर गोड-खारट रश्शात शिजलेलं गोमांस आणि कांदा. लाल आलं हवं तेवढं, फुकट.

१८९९ साली निहोनबाशीच्या मासळीबाजारात सुरू झालेल्या योशिनोया या ग्यूदोन-साखळीने २००१ मध्ये ४०० येनचा वाडगा २८० वर आणला. पुढे गायींच्या मेंदूरोगामुळे अमेरिकी गोमांसाची आयात थांबली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये योशिनोयाचा ग्यूदोनही. शेवटच्या वाडग्यासाठी अंत्यदर्शनाच्या थाटात रांगा लागल्या! प्रतिस्पर्धी साखळी सुकियाने त्याच वर्षी ऑस्ट्रेलियन गोमांस आणून धंदा सावरला. योशिनोया मात्र ‘अमेरिकेशिवाय ती चव नाही’ म्हणत सोवळं पाळत बसली.

वाडग्यामागे दहा येन वाढले की कुरकुरणारं गिऱ्हाईक फॅमिली रेस्टॉरंटात स्ट्रॉबेरीच्या पार्फेवर दोन वाडग्यांचे पैसे हसत मोजतं. आधी फोटो, मग चमचा.