सुपारी न फोडणारा अडकित्ता

आमच्या कडेगावात मोहरमला गगनचुंबी ताबूत उभे राहतात. बांबूचे, आणि बांधणी उलटी : आधी कळस, मग पाया. हिंदू-मुसलमान मिळून राबतात, ताबुतांच्या भेटी बघायला पंचक्रोशी लोटते, आणि मोहरम सरला की एवढा डोलारा गाव निमूट उतरवतं. त्याच गावातल्या आमच्या घरात बुडाला गळका झालेला तांब्याचा बंब मात्र आजवर कुणाला हलवता आलेला नाही.

भंगारवाल्याची हाळी आली की आजी आधी परड्याचं दार लावून घेते. बंबात म्हणे माझ्या वडिलांच्या पहिल्या अंघोळीचं पाणी तापलं होतं. अडकित्त्यानं सुपारी फुटत नाही, निसटून पाहुण्याच्या अंगावर उडते. पण तो आजोबांचा. आजोबा होते तेव्हा त्याच अडकित्त्यावरून आजी रोज त्यांचा उद्धार करायची, "दात गेलं तरी सुपारी सुटंना!" आता तो चंचीत गुंडाळून कपाटात. आमच्याकडे वस्तू बिघडल्याशिवाय तिला मान नाही. चालू मिक्सरला दसऱ्याला झेंडूचं एक फूल, संपलं.

हे खूळ पुण्याच्या दिनकर केळकरांनाही होतं. चष्म्यांचा धंदा, 'अज्ञातवासी' या नावानं कविता, आणि १९२०च्या सुमारास लागलेला नाद : दिवे, अडकित्ते, करंडे, वज्र्या गोळा करण्याचा. १९६०पर्यंत पंधरा हजारांच्या आसपास वस्तू जमल्या. त्या वस्तूंच्या संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. इथं थट्टा करवत नाही. तलवारी कुणीही जमवेल. टाच घासायच्या वज्रीला काचेचं कपाट देणारा विरळा. आणि ती वज्री घडवणाराही काय माणूस असेल! पायांच्या भेगांसाठी एवढी कलाकुसर.

आजीला तिथं नेलं. काचेआडचे अडकित्ते निरखून तिनं रखवालदाराला विचारलं, "ह्यानं सुपारी फुटती का?"

"आजी, हात नाही लावायचा."

"मग ठिवलाय कशाला?" असं म्हणून ती माझ्याकडं वळली, "आपला हितं द्यायचा न्हाई हां. सांगून ठिवते."

पुण्याला गेलात तर बाजीराव रस्त्यावरचं हे संग्रहालय जरूर बघा. बरोबर घरातलं एखादं म्हातारं माणूस न्या. पाट्या वाचायची गरज पडणार नाही.