ओलीचं भौतिकशास्त्र

संगमनेरला पाऊस येतो तो उरलासुरला. घाटघर-भंडारदऱ्याकडे ढग हात सैल सोडतात, अकोल्यात थोडंफार वाटतात आणि आमच्यापर्यंत पोचल्यावर खिसे उलटे करून दाखवतात. प्रवरेला पूर येतो तोही वरच्या पावसाचा. अशा कोरड्या गावात आपल्या घराच्या भिंतींना बारमाही ओल असते, ही गोष्ट मी बरीच वर्षं पाहुण्यांपासून लपवली. पद्धत साधी होती. भिंतीला टेकून बसू द्यायचं नाही. तरी एखादे काका टेकायचेच, आणि उठताना त्यांच्या सदऱ्यावर पांढुरक्या पोपड्यांचा महाराष्ट्र उमटलेला असायचा, कोकण किनाऱ्यासकट.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. हे आधीच सांगितलेलं बरं. पुढे जे घडलं ते मराठीच्या सरांच्या हातून घडलं असतं तर लोकांनी माफ केलं असतं.

घर पणजोबांच्या काळातलं. काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीत रचलेल्या विटा, रुंद भिंती, सागवानी तुळया आणि मातीचं माळवद. जमिनीतली ओल तेव्हाही भिंतीत चढतच असणार. पण चुन्यामातीच्या गिलाव्यातून ती वाऱ्यावर उडून जायची आणि कुणाला पत्ता लागत नसे. मग सुधारणा सुरू झाल्या. वडिलांनी कमरेपर्यंत सिमेंटचं प्लास्टर केलं. ओल कमरेच्या वर आली. काकांनी प्लास्टर छातीपर्यंत नेलं. ओल छातीच्या वर आली. मी शिकलेला, म्हणून मी वरपासून खालपर्यंत ऑइलपेंट मारला, तोही दोन हात. ओलीला आता कुठूनच बाहेर पडता येईना, तेव्हा ती खिडकीच्या कमानीपर्यंत जाऊन बसली. दरम्यान बाहेरचा रस्ता दर काँक्रीटीकरणात वर सरकत होता. लहानपणी आम्ही तीन पायऱ्या चढून घरात जायचो. आता एक उतरून जातो.

थंडीत आमच्याकडे पारा कधीकधी दहाच्याही खाली जातो. त्या दिवसांत माजघरात बसणं म्हणजे ओला टॉवेल पांघरून बसणं. मी ठरवलं, एका दगडात दोन पक्षी मारू. खोली गरम करायची आणि भिंतही वाळवायची. सिलिंडरवर चालणारी शेगडी आणली, दारं लावून घेतली आणि पेटवली. आईने झरोका उघडा ठेवायला लावला म्हणून बरं, नाहीतर हा लेख श्रद्धांजलीच्या रकान्यात आला असता. खोली उबदार झाली. आठवडाभरात भिंतीवरून थेंब ओघळायला लागले. आजोबांच्या तसबिरीच्या काचेवर इतकं दव साचलं की ते रडतायत असं मुलीला वाटलं. माझ्या मते ते हसत असावेत.

मग एका उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे मी हिशेब मांडला. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये हायड्रोजन असतो. जळताना तो हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो आणि पाणी होतं. एक किलो गॅसमागे साधारण 1.6 किलो पाणी. म्हणजे 14.2 किलोचा सिलिंडर बंद खोलीत जाळला की 22 लिटरच्या वर पाणी वाफेच्या रूपाने हवेत जातं आणि सगळ्यात थंड जागा शोधून तिथे बसतं. आमच्या घरातली सगळ्यात थंड जागा कोणती, ते सांगायला नको. भिंत वाळवण्यासाठी मी पैसे मोजून, नंबर लावून, घरपोच दोन बादल्या पाणी मागवलं होतं. आणि ज्वलनाचं हे समीकरण मी पुढच्या तासाला मुलांना विचारणार होतो.

ओलीचं खरं निदान मात्र शेजारच्यांच्या शेळीने केलं. शेळी जातिवंत संगमनेरी, पांढरी, कानावर तपकिरी ठिपका. ती रोज सकाळी येऊन आमची बोळाकडची भिंत चाटायची. मला वाटायचं, जुन्या वास्तूचं मोल जाणणारं गल्लीत कुणीतरी आहे. मी कौतुकाने ही गोष्ट एका म्हाताऱ्या गवंड्यांना सांगितली. त्यांनी भिंतीवर बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि थुंकले.

“सर, लोणा हाय. ती मीठ खाती तुमचं.”

जमिनीतलं पाणी वर चढताना क्षार घेऊन चढतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते खडे आतून प्लास्टर ढकलतात. सिमेंटमागे हे सगळं गुपचूप चाललेलं असतं. मी मिस्तरींना म्हटलं, याला केशाकर्षण म्हणतात. छिद्र जितकं बारीक तितकं पाणी उंच चढतं. ते म्हणाले, “म्हणत असतील. पण तुम्हाला म्हाईत होतं, तर मग रंग का मारला?” वर्गात असा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला मी बाहेर काढतो. इथे घरातून मलाच बाहेर काढण्यात आलं, कारण दुसऱ्या दिवसापासून सिमेंट खरवडायला सुरुवात झाली.

गल्लीतल्या प्रत्येकाने सांगितलं, सर, सरळ टाइल लावून टाका. नेहमीची वाट सोडू नये असं बजावणारा फटका लिहिणारे अनंत फंदी आमच्या संगमनेरचेच, तेव्हा सल्ल्याला परंपरा होती. पण मी आता चुन्याच्या बाजूने होतो, आणि नवा मुसलमान जास्त बांग देतो म्हणतात तसं माझं झालं होतं. चुनखडी साधारण 900 अंशांवर भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्याला पाणी दाखवलं की तो तापतो, फुलतो. भिंतीवर गेल्यावर हवेतला तोच वायू परत घेऊन पुन्हा दगड होतो. हे मी दूधवाल्याला सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत सांगितलं. चुना लावण्यावरचे विनोद तेव्हाच सगळ्यांनी करून घेतले असल्यामुळे इथे करत नाही.

माझं वाचन तेवढ्यावर थांबलं नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आढळले, असं संशोधन 2016 साली प्रसिद्ध झालं आहे. तो गिलावा शतकानुशतकं टिकला. मी मिस्तरींना म्हटलं, आपणही घालू.

“घाला की,” मिस्तरी म्हणाले, “पण आणायला तुम्ही जायचं. मी नातवंडांचा माणूस हाय.”

शेवटी तागाच्या सुतळीचे बारीक तुकडे घातले. शिवाय गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर, विटांची भुकटी. किल्ल्यांवर चुन्याच्या घाण्या अजून दिसतात. तिथे बैल फिरायचे. आमच्या परसात बैलाचं काम माझ्याकडे होतं. गुळामुळे मुंग्यांची रांग लागली आणि मधुमेहामुळे चहात साखर बंद झालेली आई भिंतीकडे हेव्याने पाहू लागली.

चुना भिजवण्याबाबत मिस्तरींनी एकच अट घातली होती: ते आल्याशिवाय हात लावायचा नाही. रविवारी ते उशिरा येणार होते. मी प्लास्टिकच्या पिंपात चुन्याच्या कळ्या ओतल्या आणि वरून बादलीभर पाणी टाकलं. आधी पाणी घ्यायचं आणि त्यात चुना थोडा थोडा सोडायचा, हे मला नंतर ओरडून सांगण्यात आलं. पिंपातून आधी सुस्कारा आला, मग फुत्कार, मग वाफेचा लोट, आणि मग पिंपाने एका बाजूला मान टाकली. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. भुवया पांढऱ्या झाल्या. बायको दारात उभी राहून शांतपणे म्हणाली, “अहो, अंघोळीचं पाणी याच्यावरच ठेवलं असतं ना.”

1679 साली जालना लुटून परतणाऱ्या शिवाजी महाराजांना मोगलांनी संगमनेरजवळ गाठलं होतं. त्या लढाईनंतर महाराज पट्टा किल्ल्यावर विश्रांतीला गेले, म्हणून तो विश्रामगड. पिंपाच्या लढाईनंतर मी सासुरवाडीला गेलो. मी नसताना काम झपाट्याने पुढे सरकलं, असं सगळेच सांगतात. मिस्तरींनी जोत्याच्या कडेने चर खणून घेतला, त्यात खडी भरली, पन्हळीचं पाणी भिंतीपासून लांब काढून दिलं आणि चुन्याचा पहिला हात मारला.

अंघोळीच्या पाण्याचा विषय मात्र बायकोने काढलाच होता, आणि त्यात मला अब्रू भरून काढायची संधी दिसली. सौर बंब आणला. 200 लिटरची टाकी म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन 200 किलो. माळवदाकडे बघूनच मिस्तरींनी नकारार्थी मान हलवली. मग तो परसात बसवला, शास्त्रशुद्ध, दक्षिणेकडे तोंड करून. दक्षिणेला चार मजली इमारत आहे. तिच्या सावलीतून ऊन सुटतं दुपारी बाराच्या सुमारास, त्यामुळे पाणी कडक होतं साडेतीनला. महिनाभर आम्ही रविवारची अंघोळ चहाच्या वेळेला केली.

मग आईने माळ्यावरून तांब्याचा बंब काढायला लावला. चिंचेने घासल्यावर तो असा चमकला की मला त्यात माझं तोंड दिसलं. ते फार वेळ पाहवलं नाही. बंबाची रचना मी नव्याने पाहिली. मधोमध नळी, नळीत जाळ, भोवती पाणी. आच जाईल कुठे? वाफेच्या रेल्वे इंजिनाच्या बॉयलरमध्येही गरम वायू नळ्यांतून जातात आणि पाणी भोवती असतं. चार तुराट्या आणि दोन गोवऱ्यांत घराच्या अंघोळी होतात. मी हे आईला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “राख काढ आता.”

भिंत अजून पुरती वाळलेली नाही. मिस्तरींच्या मते चुन्याचा पहिला हात भिंतीतला लोणा बाहेर ओढून घेण्यासाठीच असतो. तो खराब होणार, खरवडायचा आणि मग दुसरा द्यायचा. त्यामुळे बोळाकडच्या भिंतीवर सध्या मिठाचा नुसता बहर आहे. शेजारच्यांनी दुसरी शेळी घेतली आहे. दोघी सकाळी येतात, एक खिडकीच्या या बाजूला, एक त्या बाजूला. काल मी मिस्तरींना फोन करून विचारलं, हाकलू का?

“राहू द्या सर,” ते म्हणाले, “तेवढीच खरवडायची मजुरी वाचती. तुम्ही फक्त हात लावू नका.”