सायकलटोळीचा मुकादम

दसरा झाला की बीड जिल्ह्यात दोन प्रकारचे मुकादम कामाला लागतात. पहिला ऊसतोडीचा. तो उचल वाटतो, नवरा-बायको मिळून एक कोयता धरतो, टोळी भरतो आणि ट्रकमध्ये भांड्याकुंड्यांसकट संसार चढवून पश्चिम महाराष्ट्राकडं नाहीतर कर्नाटकात रवाना होतो. दुसरा सायकलवाला. टोळी तोही भरतो, पण उचल वाटायच्या ऐवजी गोळा करतो. पहिल्याच्या ट्रकमागं जी पोरं आजीपाशी किंवा वसतिगृहात उरतात, त्यांच्यासाठी.

या दुसऱ्याला लोक ‘कॅप्टन’ म्हणतात, कारण त्यानं तसं सांगून ठेवलेलं असतं. प्रत्येक तालुक्याला एक तरी असतोच. कुठं त्याचं कृषी सेवा केंद्र असतं, कुठं लॅब, कुठं तो पतसंस्थेत असतो. सारा जिल्हा साखरेसाठी ऊस तोडत आला. याला ती रक्तातच सापडली. डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. चालण्यात फोटो चांगला येत नाही, म्हणून त्यानं सायकल घेतली. सायकलची किंमत तो बायकोला निम्मी सांगतो आणि आपल्याला दीडपट. तंग चड्डीत तो पहिल्यांदा गल्लीतून निघाला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं होतं, “काय भाऊ, वरची पँट इसरलाव का?”

या पोरांसाठी सायकल राइड काढायची म्हटलं तर या जिल्ह्यात जायचं कुठं हा प्रश्न पडत नाही. शिरूर कासार तालुक्यात आर्वीचं शांतिवन आहे. ऊसतोड मजुरांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं दीपक आणि कावेरी नागरगोजे यांनी तिथं सांभाळली. गेवराईचं बालग्राम आहे. एचआयव्हीबाधित मुलांसाठी पालीचं इन्फंट इंडिया आहे. प्रश्न पडतो तो बिस्किटांचा. वाढदिवसवाले आणि पंधरा ऑगस्टवाले मिळून संस्थांना एवढे पुडे देतात की पोरांना त्यांचा वासही नको होतो. कॅप्टनच्या बाजूनं एवढं सांगितलंच पाहिजे, की तो आधी फोन करून विचारतो. किराण्याची उधारी, लाइटबिल, बारावी झालेल्या पोरीची कॉलेजची फी अशी यादी त्याच्या खिशात असते. ती घेऊन तो मोंढ्यात शिरतो, आणि खरी चढण तिथं लागते.

त्याची योजना सोपी असते: मी जितके किलोमीटर मारीन, तितके दहा रुपये तुम्ही द्यायचे. पण आडत्याचा जन्म कट्टी कापण्यात गेलेला.

“जाताना मांजरसुंब्याचा घाट चढ आहे, मान्य,” शेठ म्हणतात. “येताना उतार. उताराला पायडल कुठं मारता तुम्ही? ते किलोमीटर वजा.”

“मग चढाचे दुप्पट लावा.”

“टेम्पोत बसलात ते?”

“टेम्पोत मी बसत नसतो.”

“गेल्या साली पाण्याच्या खोक्यांत कोण झोपलं होतं मग?”

इथं कॅप्टन बाबा आमट्यांना मदतीला बोलावतो. १९८५ च्या डिसेंबरात बाबांनी भारत जोडो काढलं. कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत तरुण पोरं सायकलवर आणि बाबा, मणक्याच्या दुखण्यामुळं, गाडीत आडवे. “बाबासुद्धा गाडीतच होते,” हे वाक्य कॅप्टन अशा काही नम्रतेनं म्हणतो, की शेठ पाकीट काढतात. ८० जी ची पावती मिळणार ना, एवढं मात्र दोनदा विचारून घेतात.

राइडच्या दिवसाचं फार सांगण्यात अर्थ नाही. झेंडा दाखवायला सहाला येणारे साहेब साडेआठला येतात. फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे चाळीस चेहरे असतात आणि सायकल कोपऱ्यात, रबरी शिक्क्याएवढी. झेंडा हलला की पन्नासजण निघतात. त्यातले निम्मे पोह्यांपर्यंतच असतात. एका डॉक्टर दांपत्याचं नाव वहीत लिहिताना कॅप्टनचा मदतनीस सवयीनं विचारतो, “यांचा एक कोयता धरू का दोन?” चहावाल्यासकट सगळे हसतात, कारण ऊसतोडीत हिशेब कसा होतो ते सगळ्यांना माहीत असतं. बाई मात्र ठणकावतात, “दोन धरा. पैसे दोघांचे भरलेत.”

घाटात कॅप्टन उतरून सायकल ढकलतो. ढकलताना गुडघ्याचा व्यायाम होतो असं तो सांगतो. मागून येणारा उसाचा ट्रॅक्टर कर्कश गाणी लावून पुढं जातो, आणि ट्रॉलीवरची माणसं मोठ्या कौतुकानं बघतात: एवढ्या महागाची सायकल, आणि हातानं न्यावी लागते!

संस्थेत पोचल्यावर भाषण असतं. पोरं ते शहाण्यासारखी ऐकतात. पाहुण्यांची भाषणं कशी ऐकायची, यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. शेवटी एक सातवीतला पोरगा उठतो आणि साऱ्या कार्यक्रमातला एकमेव कामाचा प्रश्न विचारतो, “सर, एक चक्कर मारू का?”

कॅप्टनच्या चेहऱ्यावर तेव्हा सायकलची पूर्ण, बायकोला न सांगितलेली किंमत दिसते. पण सगळ्यांसमोर नाही म्हणता येत नाही. सीट खाली करून दिली जाते. मग एकामागून एक अख्खं वसतिगृह त्या सायकलवर मैदानाला फेऱ्या घालतं, आणि कॅप्टन गिअर, गिअर ओरडत जेवणाच्या घंटेपर्यंत मागं धावत राहतो. दिवसातला त्याचा खरा व्यायाम तेवढाच.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला तो मोंढ्यात हजर असतो. किराणा दुकानदाराच्या सहीची पावती शेठच्या गादीवर ठेवतो (हिशेब तो पैशापर्यंत देतो, नाही दिलेल्याचं नावही ग्रुपवर टाकतो), आणि हँडलवरचं मीटर काढून दाखवतो.

“हे चौदा जास्तीचे कुठले?” शेठ चष्मा वर करतात.

“पोरांनी मारले. सायकल माझी, मीटर माझं. किलोमीटरला दहा ठरलेत.”

“ते मैदानातले. सपाटीचे.”

“चढउताराचं बोलला होतात. सपाटी वजा म्हणाला नव्हतात.”

शेठ थोडा वेळ मीटरकडं बघतात, थोडा वेळ मुनिमाकडं. मग टॉवेलाखाली हात धरून व्यवहार करावा तसे हळू आवाजात विचारतात, “पोरं डबलसीट तर नव्हती ना?”