फराक्क्याचे दार

वाराणसीत गंगेवर लॉक नाही. चौऱ्याऐंशी घाट आहेत, मोक्षाची सोय आहे, नमो घाटाला तरंगता सीएनजी पंपही आहे. पण बोटीला एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारी पाण्याची पेटी नाही. त्यामुळे अस्सी ते राजघाट फेऱ्या मारणाऱ्या मल्लाहाला उशिराचे खापर फोडायला दार मिळत नाही. तो ते वाऱ्यावर, प्रवाहावर किंवा आधीच्या सवारीवर फोडतो. लॉकपाशी रीतसर अडकून पडायचे असेल, तर त्याच पाण्यातून सुमारे 830 किलोमीटर खाली फराक्क्यापर्यंत जावे लागते.

हल्दिया ते प्रयागराज हा 1620 किलोमीटरचा मार्ग 1986 मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 1 ठरला. त्यात पश्चिम बंगालमधले फराक्क्याचे बॅरेज आडवे येते. 1975 मध्ये सुरू झालेले हे बॅरेज गंगेचे पाणी 38 किलोमीटरच्या कालव्यातून भागीरथीकडे वळवते. हेतू हा, की कोलकाता बंदर गाळाने भरू नये. बंदर वाचवण्याच्या या खटाटोपात बंदराकडे जाणाऱ्या बोटींसमोर दरवाजा उभा राहिला. वाराणसीहून निघालेल्या बोटीला तो उघडण्याची वाट पाहावीच लागते. पुढे जुन्या लॉकच्या शेजारी नवा लॉक बांधला गेला, म्हणजे वाट पाहण्याचीही क्षमता वाढली.

लॉकचे तत्त्व साधे आहे. दोन दारांमध्ये एक हौद. बोट आत घेऊन मागचे दार लावायचे, झडपा उघडून हौदातले पाणी पुढच्या पातळीला आणायचे आणि पुढचे दार उघडायचे. चीनमध्ये असा दुहेरी दारांचा लॉक 984 साली बांधला गेला. त्याचे कारण मोठे मनोरंजक आहे: उतारावरून ओढताना धान्याच्या सरकारी बोटी फुटत आणि सांडलेल्या धान्यावर चोर हात मारत. जलवाहतुकीतली ही मोठी सुधारणा चोरांच्या कृपेने झाली, हे अभियांत्रिकीच्या पुस्तकांनी ठळक छापायला हवे.

पुढे युरोपात कोनात मिटणारी दुपाखी दारे रूढ झाली. त्यांचे श्रेय बहुधा लिओनार्दो दा विंचीला दिले जाते. या दारांचे टोक वरच्या पाण्याकडे असते. पाणी जितके रेटते, तितके दार घट्ट मिटते. रुसलेल्या जावयाची जितकी मनधरणी करावी तितका तो जसा ताठर होतो, तसे. 25 मीटर रुंदीचे दार, खालच्या बाजूला 4 मीटर पाणी आणि दोन्ही बाजूंच्या पातळीत फक्त एका मीटरचा फरक, एवढ्यावर दारावर शंभराहून अधिक टनांचा दाब येतो. म्हणून बोटीवरच्या चार जणांनी ‘लावा जोर’ म्हणून काही होत नाही. तरी ते म्हणतातच.

बिघाड बहुतेक वेळा क्षुल्लक गोष्टीने होतो. दाराच्या उंबऱ्यावर गाळ बसतो, फटीत ओंडका किंवा जलपर्णीचा गठ्ठा अडकतो, झडप अर्ध्यात थांबते, वीज जाते. दार बोटभर उघडे राहिले तरी गळती सुरू होते आणि पातळी जुळता जुळत नाही. अशा वेळी डेकवर प्रत्येक प्रवासी हायड्रॉलिक्सचा जाणकार होतो. ज्याला घरचा नळ दुरुस्त करता आला नाही, तो सर्वांत मोठ्या आवाजात सल्ला देतो.

लॉक चालवणारा माणूस मात्र बोलत नाही. तो पाण्याकडे बघतो. टेम्स नदीवर 45 लॉक आहेत आणि तिथले लॉककीपर दारांबरोबर फुलांच्या बागाही सांभाळतात, त्यामुळे खोळंबलेल्याला निदान गुलाब तरी दिसतात. गंगेच्या खोऱ्यात अशा वेळी काठावरून ‘बस, पाँच मिनट’ ऐकू येते. या कालगणनेचा घड्याळाशी संबंध नाही. तो दिलासा आहे आणि तसाच घ्यावा. कोणती झडप आधी आणि किती उघडायची, दार कोणत्या आवाजावर थांबवायचे, हे अनुभवी माणसाला माहीत असते.

वाराणसीच्या आसपास याच माणसाचा भाऊबंद पिपांच्या पुलावर भेटतो. पाणी ओसरले की लोखंडी पिपे ओळीने बांधून नदीवर पूल टाकतात, पावसाळ्यापूर्वी काढतात. रामनगरचा पक्का पूल होण्यापूर्वी तिथेही असाच पूल असे. मोठी बोट आली की मधली पिपे सोडून वाट करावी लागते. तेवढ्या वेळात दोन्ही तीरांवर मोटारसायकली, दूधवाले आणि गाई जमतात आणि बोटीकडे ज्या नजरेने बघतात, ती नजर काशीतच काय, कुठेच पुण्य देणारी नाही. पिपे सोडणाऱ्याला मराठी यात्रेकरू सवयीने ‘भैया’ म्हणतो. बनारसमध्ये ‘का गुरू’ म्हटले तर दोर जरा लवकर सुटतो.

यावरून वेळापत्रकाचे स्वरूप समजते. 2018 मध्ये कोलकात्याहून 16 कंटेनर घेऊन निघालेले ‘आरएन टागोर’ जहाज ऑक्टोबरअखेर सुटून 12 नोव्हेंबरपर्यंत रामनगरच्या टर्मिनलला लागले. 13 जानेवारी 2023 रोजी वाराणसीहून दिब्रुगडकडे निघालेल्या ‘गंगा विलास’ने तर 51 दिवसांचा कार्यक्रम आधीच जाहीर केला होता, आणि हा शहाणपणा होता, ज्याला घाईच नाही त्याला खोळंबा कसा होणार?

वाराणसीहून जलमार्गाने कोलकात्याला निघणाऱ्याने परतीचे रेल्वे तिकीट रद्द करता येईल असेच काढावे, आणि थर्मासमध्ये एक कप चहा जास्तीचा ठेवावा. तो लॉकवाल्याचा.