अविमुक्त क्षेत्रातील वार्षिक सदस्यत्व

वार्षिक सदस्यत्व ही अशी व्यवस्था आहे की जिच्यात माणूस न घेतलेल्या विश्रांतीचे पैसे आधी भरतो आणि उरलेले वर्षभर ती विश्रांती वसूल करता करता दमून जातो. अमेरिकेत 1960 च्या दशकापासून मोटारीने हिंडणाऱ्या कुटुंबांसाठी तळांच्या साखळ्या उभ्या राहिल्या. तळ म्हणजे तंबू ठोकण्यासाठी किंवा चाकांवरचे घर उभे करण्यासाठी वीजपाण्यासह राखलेली जागा, आणि केबिन म्हणजे त्याच तळावरची लाकडी खोली, जिच्यात स्वतःच्या घरातल्यापेक्षा कमी सोयी असतात आणि त्या कमी असल्याचेच भाडे असते. वर्षाचा पास काढणाऱ्यास तळावरची जागा फुकट मिळते असे पत्रके सांगतात; येथे 'फुकट' या शब्दाचा अर्थ 'आधीच दिलेले' असा घ्यावयाचा असतो.

वाराणसीत या प्रकाराच्या सर्वांत जवळ गेलेली वस्ती म्हणजे घाटांसमोर पैलतीरावरच्या वाळूवर उभारलेली 'टेंट सिटी', जिचे उद्घाटन 13 जानेवारी 2023 रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे केले आणि जिचे प्रकरण पुढे राष्ट्रीय हरित लवादापुढे गेले. तेथील दर रात्रीच्या हिशेबाने होते, वर्षाच्या नव्हे, आणि ते शहाणपणाचे होते, कारण पावसाळ्यात ती जागाच गंगेच्या पोटात जाते. परंतु खरी अडचण स्थळाची आहे. काशीला 'अविमुक्त' म्हणतात, म्हणजे शिवाने कधीही न सोडलेले क्षेत्र, आणि येथे मरणाऱ्यास मोक्ष मिळतो अशी श्रद्धा आहे. पण ही सोय पश्चिम तीरापुरती असून, शिवाने काशीबाहेर घालवलेल्या व्यासांनी पैलतीरी जेथे बिऱ्हाड केले त्या व्यासकाशीत देह ठेवणारा पुढच्या जन्मी गाढव होतो, असे लोक सांगतात. एकाच नदीचा देखावा, परंतु एका काठाला मुक्ती आणि दुसऱ्या काठाला ओझे, असा भेद कोणत्याही रिसॉर्टच्या अटींत, अगदी बारीक अक्षरांतही, आढळत नाही.

वस्तुतः सदस्यत्वाची कल्पना काशीला नवी नाही. पंचक्रोशी यात्रा, म्हणजे क्षेत्राच्या सीमेवरून सुमारे 80 किलोमीटर पायी घातलेली प्रदक्षिणा, कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर आणि कपिलधारा या पाच मुक्कामांवरून जाते, तेथे धर्मशाळा आहेत, आणि तळांची साखळी म्हणतात ती याहून निराळी काय असते, हे साखळीवाल्यांनीच सांगावे. आजीव सदस्यत्वही होते: 'क्षेत्रसंन्यास' घेणारा या सीमेबाहेर पाऊल न टाकण्याचा संकल्प करी, त्यामुळे दुसरीकडे स्वस्तात खोली मिळाल्याचे दुःख त्याला कधी होत नसे. ब्रह्मघाट-दुर्गाघाटाच्या परिसरातील मराठी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गावागावांच्या कुळांची नावे पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली. या सदस्यत्वाला नूतनीकरण लागत नाही, ते रद्दही करता येत नाही, आणि पणजोबांनी केलेल्या सहीच्या बळावर पणतूकडे दक्षिणा मागता येते. इतका दीर्घ करार करण्याचे धाडस आजच्या एकाही कंपनीला झालेले नाही.

मुदतीचा नियमही येथे ठाऊक आहे. अमेरिकेतील काही योजनांत सलग 14 रात्री राहिल्यावर 7 रात्री बाहेर काढाव्या लागतात, म्हणजे पाहुण्याने भाडेकरू होऊ नये. काशीत 1958 साली स्थापन झालेल्या मुक्तिभवनात मरणासन्न माणसाला आणून ठेवतात आणि त्यासाठी साधारण दोन आठवड्यांची मुदत देतात. तेवढ्यात काम न झाल्यास, व्यवस्थापकांनी मुदत वाढवली नाही तर, त्याने घरी परतावे अशी अपेक्षा असते. दोन्हीकडे पंधरवडाच का, हा संशोधनाचा विषय आहे. मात्र पहिल्या ठिकाणी सदस्य वेळेवर निघाला नाही म्हणून कुरकुर होते आणि दुसऱ्या ठिकाणी तो वेळेवर गेला नाही म्हणून.

काशीत असा वार्षिक पास निघालाच असे धरले, तर तो काढणाऱ्या मराठी मध्यमवर्गीय सदस्याची प्रकृती मात्र स्वतंत्र निरूपणास पात्र आहे. भरलेल्या वर्गणीला तो जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर रात्रींच्या संख्येने भागतो, तीन रात्रींना येणारा आकडा पाहून हादरतो, बारा रात्रींना येणारा आकडा पाहून प्रसन्न होतो, आणि केवळ भागाकार सुधारावा म्हणून महानगरी एक्स्प्रेसची आणखी तीन वेळची तिकिटे काढतो, जी पासात धरलेली नसतात. दिवाळीत जागा नाही, मेमध्ये नाही, देवदीपावलीला तर विचारूच नये, असे कळल्यावर त्याला 'ब्लॅकआउट' या संज्ञेचा बोध होतो: ज्या तारखांसाठी माणूस पास काढतो त्या तारखा. उरलेल्या तारखांना तो जातो, सकाळच्या न्याहारीला कचोरी-जिलबी परवडेल तितकी नव्हे तर पास फिटेल तितकी खातो, आणि घाटावर नौकेत बसल्यावरही नदीकडे न पाहता, पुढच्या खेपेस वहिनींना आणले तर माणशी किती पडेल, हे मोजत असतो. पुण्य आणि पैसा या दोन्हींची वसुली एकाच वेळी करण्याची ही तळमळ काशीच्या पंड्यांनाही थक्क करते. त्यांचा हिशेब तरी रोखीचा असतो.

या बाबतीत मुंजीतल्या बटूची योजना अधिक सुटसुटीत म्हणावी लागेल. सोडमुंजीत छत्री घेऊन काशीला निघालेल्या बटूला मामा आपली मुलगी देण्याचे आश्वासन देऊन दारातूनच परत आणतो, आणि त्या रद्द झालेल्या प्रवासाचा परतावा तेवढ्यावरच ठरतो. पासाचा परतावा मागणाऱ्याला मात्र आश्वासनसुद्धा मिळत नाही. त्याला मिळतात त्या श्रावणातल्या तारखा, जेव्हा समोरच्या तीरावरची वाळू गंगेखाली असते.