वॉरंटी वाढवून घ्या ना, काकू!

दसऱ्याला फ्रिज घ्यायला गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानातला पोरगा आधी अर्धा तास त्या फ्रिजची आरती ऐकवतो. आवाज नाही, वीज खात नाही, डोळे झाकून घ्या! कार्ड घासून झालं, पिन दाबून झाला, की त्याचा चेहरा एकदम पडतो. "एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका काकू. आजकालच्या वस्तूंचा काही भरवसा नाही." अक्षता पडेपर्यंत मुलाचे गोडवे गाणारा आणि जेवणाच्या पंगतीत 'तसा जरा तापट आहे हं' असं हळूच सांगणारा मध्यस्थ ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल.

काकू घाबरतात, काका मान डोलावतात, आणि तीस हजारांच्या फ्रिजवर आणखी तीनेक हजार जातात. त्या बदल्यात काय मिळतं? तर यंत्राच्या आयुष्यातल्या सगळ्यात निरोगी वर्षांची हमी. यंत्रं बहुधा दोन वयांत आजारी पडतात, अगदी तान्ही असताना आणि म्हातारपणी. तान्हेपणाची जबाबदारी कंपनीने पहिल्या वर्षी फुकट घेतलेलीच असते. म्हातारपण येईतो वाढीव वॉरंटी संपलेली असते. मधली धडधाकट वर्षं आपण पैसे देऊन सुरक्षित करून घेतो. कंपन्यांचा गणिताचा मास्तर चांगला होता, एवढंच म्हणायचं.

आता समजा, यंत्राने शिस्त मोडली आणि ऐन तारुण्यात मान टाकली. तक्रार नोंदवल्यावर पाठीला सॅक लावलेला टेक्निशियन येतो. मागचं झाकण उघडतो, टॉर्च मारतो आणि 'च्' असा आवाज काढतो. हा 'च्' फार महागात पडतो. "पीसीबी गेलाय. आत झुरळ शिरलं होतं." झुरळ वॉरंटीत बसत नाही. उंदराने वायर कुरतडली, तर उंदीरही बसत नाही. व्होल्टेज वर-खाली झालं तर दोष वीजवाल्यांचा, स्टॅबिलायझर नव्हता तर तुमचा. गंज चढला तर हवेचा. रत्नागिरीत राहून एसी लावणाऱ्याने समुद्राला जाब विचारावा. गॅस्केट, बल्ब, प्लॅस्टिकचे ट्रे यांचं तर नावच काढू नका. पाण्याच्या फिल्टरवाल्यांचा वार्षिक करार त्याहून गोड. स्वस्तातल्या करारात सगळं येतं, फक्त फिल्टर आणि मेम्ब्रेन सोडून. म्हणजे पाणी ज्यातून गाळलं जातं, तेवढं वगळून!

आणि ती स्टिकरवरची भलीमोठी '१०'! कॉम्प्रेसरला १० वर्षं. खरंच असतात, खोटं नाही. पण पुष्कळदा ही हमी नुसत्या कॉम्प्रेसरच्या डब्याला असते. गॅस भरणं, मजुरी, ने-आण, त्यावरचा १८ टक्के जीएसटी हे सगळं मालकाकडे.

इतकं करून दावा मंजूर व्हायचाच असेल, तर मूळ बिल लागतं. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी सगळी बिलं प्लॅस्टिकच्या फायलीत तारीखवार लावून ठेवली आहेत. परवा त्यांनी मिक्सरचं बिल काढलं, तर हातात कोरा कागद. थर्मल कागदावरची अक्षरं वॉरंटीच्या आधीच निवृत्त झाली होती. (बिल हातात पडताच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तेवढी वॉरंटी फुकट आहे.)

मग घ्यायचीच नाही का? टीव्हीचा पॅनेल गेला तर दुरुस्तीपेक्षा नवा टीव्ही बरा वाटतो, तिथे विचार करावा. तोही कंपनीच्या स्वतःच्या योजनेचा, आणि 'काय येत नाही' ही बारीक अक्षरातली यादी पैसे देण्याआधी वाचून. बाकी वस्तूंसाठी तेच तीन-चार हजार दर खेपेला बँकेत वेगळे टाकले, तर दुरुस्तीचा खर्च बहुधा त्यातूनच भागतो. शिवाय स्वतःच्या पैशाकडे दावा केला तर झुरळाची चौकशी होत नाही.

खरी गंमत पुढेच आहे. मिक्सरची वॉरंटी दोनदा विचारणारा माणूस सत्तर-ऐंशी लाखांचा फ्लॅट घेतो, तेव्हा पेढे खातो आणि किल्ली घेतो. हमीबद्दल चकार शब्द नाही. वास्तविक ती कायद्यानेच दिलेली आहे, एक पैसा न घेता. रेरा कायद्याचं कलम १४(३) सांगतं की ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामात, कारागिरीत किंवा सोयींच्या दर्जात दोष दाखवून दिला, तर बिल्डरने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा. नाही केला, तर भरपाई मागता येते. याआधी महाराष्ट्राच्या मोफा या फ्लॅट मालकी कायद्यात ही मुदत ३ वर्षांची होती. पण ऑगस्टमध्ये बेडरूमच्या भिंतीला ओल आली, की आपण काय करतो? बिल्डरच्या ऑफिसात फोन करतो. तिथली मुलगी "साहेब साइटवर आहेत" म्हणते. दिवाळीपर्यंत भिंत वाळते, आपण वर रंग मारतो आणि विषय संपवतो. पुढच्या ऑगस्टला पुन्हा तेच. असे पाच ऑगस्ट गेले की बिल्डर सुटला.

तेव्हा वाचकहो, आज एक काम करा. कपाटातून ताबापत्र काढा आणि तारीख बघा. पाच वर्षं व्हायची असतील, तर ओलीचे फोटो लावून बिल्डरला रीतसर पत्र द्या. स्पीड पोस्टाने पाठवा किंवा हातोहात देऊन पोच घ्या. फोनवर सांगितलेलं कुणी मोजत नाही.